घरी पडलो म्हणा ना, काका!

बसमध्ये पडणं कोणालाही जमतं. पडून, हाड मोडून, वर नुकसानभरपाईचा एक पैसाही न मिळू देणं याला मात्र अंगात कसब लागतं. मला ते पहिल्याच फटक्यात साधलं, म्हणून तुमच्या कामी यावं यासाठी सांगतो.

मे महिना, दुपारचे दोन. लोखंडी पुलाच्या अलीकडे ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला. मी दांडा धरून उभा होतो. दांडा जागेवर राहिला, मी पुढे गेलो. उजव्या मनगटातून वाळकी काडी मोडल्यासारखा आवाज आला. कंडक्टर भला माणूस. स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं आणि कानाशी लागून म्हणाला, "काका, पोलिसात कायले जाता? गाडी अटकते, तुमीबी अटकता. दवाखान्यात घरी पडलो म्हना ना!" इतक्या मायेनं सांगितल्यावर नाही कसं म्हणणार? तुम्हीही म्हणू नका.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर पोरीने दोनदा विचारलं, "काका, नक्की कसं लागलं?" मी म्हणालो, न्हाणीत घसरलो. तिने माझ्या पायातल्या बुटांकडे पाहिलं, खिशातून डोकावणाऱ्या तिकिटाकडे पाहिलं, मग खाली मान घालून लिहिलं: घरी पडले. ही ओळ फार मोलाची आहे, बरं का! बसमध्ये लागलं म्हटलं असतं तर एमएलसी, म्हणजे दवाखान्यातली पोलिसांना कळवायची नोंद, झाली असती, पोलिसांना कळलं असतं, गाडीचा नंबर कागदावर चढला असता. आता समोरच्या वकिलाला डोकं चालवायचं कामच उरलं नाही. उभं राहायचं आणि केसपेपर मोठ्याने वाचायचा.

नंबरही बघू नका. एमएच 31 होता की 40 की 49, हा प्रश्न म्हातारपणी वेळ घालवायला बरा. शेजारच्या सीटवरच्या काकू "मी पाहिलं जी सगळं" म्हणाल्या, तर नमस्कार करा, मोबाइल नंबर मागू नका. परस्त्रीचा नंबर मागणं शोभतं का?

कायद्यापासून तर लांबच राहा, त्यात भलभलतं लिहिलेलं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 164 म्हणतं की गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख, तेही चूक कोणाची हे सिद्ध न करता. आणि गंभीर म्हणजे काय, तर हाड मोडलं तरी गंभीर, दात पडला तरी गंभीर. इतक्या स्वस्तात गंभीर व्हायची आपली सवय नाही. त्याहून जास्त नुकसान झालं असेल तर कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येतं. अपघात अमरावतीला झाला आणि तुम्ही नागपूरला राहत असलात, तरी दावा इथेच करता येतो. हे कोणी सांगायला लागलं तर कानात बोटं घाला. अमरावतीच्या खेपांची कल्पना केली की दावा आपोआप सुटतो.

मुदतीचं म्हणाल तर घाई नको. सहा महिन्यांची अट 1994 मध्ये काढून टाकली होती, ती 1 एप्रिल 2022 पासून परत आली. आधी प्लास्टर निघू द्या, मग फिजिओथेरपी, मग पोळा, गणपती, दिवाळी. फराळ संपेस्तोवर सहा महिने सुखात जातात.

मधल्या काळात समोरची माणसं घरी येतील. चहा द्या. ते दोन हजार रुपये आणि पाचशेचा स्टॅम्प पेपर आणतील. "आमची काही तक्रार नाही" याखाली सही करा. उजवा हात गळ्यात असेल तर अंगठा चालतो.

एवढं करूनही प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत गेलंच, तर उत्पन्नावर या. वर्षभर आयकर खात्यापुढे आपण गरीब असतो, तिथे एकदम श्रीमंत होऊन दाखवा. पावती, पासबुक असलं काही नेऊ नका. अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी हीच शेवटची समजा. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगून ठेवलंय की शरीराचं नुकसान वेगळं आणि कमाईचं वेगळं. तोच हात गेला तर सुताराचा धंदा बसतो, सरकारी कारकुनाचा पगार चालू राहू शकतो. आमच्या गल्लीतला ब्लाउज शिवणारा भाऊ हे ऐकून कैची खाली ठेवून विचारात पडला होता. मी त्याला म्हटलं, जाऊ दे ना बापा, शिव तू.

मी स्वतः नोव्हेंबरच्या शेवटी वकिलाकडे गेलो. त्यांनी आधी तारीख विचारली, मग बोटांवर महिने मोजले, मग चष्मा काढून पुसला. "बरं, तिकीट तरी आहे का?" मी ऐटीत पाकीट काढलं. मशीनचं तिकीट ते. सहा महिन्यांच्या घामात अक्षरं उडून गेलेली. पुढून कोरं, मागून कोरं.

घरी येऊन टेबलावर टाकलं. कागद वाया जाऊ द्यायचा नाही अशी आमच्या घरची रीत. संध्याकाळी पाहिलं तर त्यावर बायकोच्या अक्षरात होतं: दूध, अर्धा लिटर जास्त.