बॅटरी नाहीये हो, बॅटरी नाहीये!!

घरात गाडी सुरू होत नाही हा विषय काढला की नवरा उठून गॅलरीत जातो, म्हणून इथे ओकतीये. तीन आठवडे गेले, आठ हजार तीनशे रुपये गेले, सकाळच्या बॅचच्या पोरांना दोनदा क्लासच्या बंद दारासमोर पावसात उभं राहायला लागलं, आणि शेवटी निघालं काय तर वीतभर लांबीची तांब्याची पट्टी. 140 रुपये!

गाडी बाबांची. 2007 ची, एमएच 12, छोटी पेट्रोल. 2022 ला पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत नेऊन, पासिंग करून, पर्यावरण कर भरून रीतसर पुढची पाच वर्षं मिळवलीत तिला, त्यामुळे "काढून टाक की आता ते खटारं" हे मला सांगू नका, तीन आठवड्यांत साधारण चाळीस लोकांनी सांगून झालंय.

तर जून महिना, रात्रभर पाऊस, सकाळी सहा दहाला खाली आले, पावणेसातला टिळक रोडला क्लास. चावी फिरवली. टक्. परत फिरवली. टक्. बास. हेडलाइट लख्ख, हॉर्न ठणठणीत, वायपर चालू, आणि सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) मारला की नुसतं टक्.

आता आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोनेट उघडलं की काय होतं माहितीये ना? माणसं कुठून येतात देव जाणे. सकाळी सव्वासहाला! दूध आणायला निघालेले, फिरून तळजाईवरनं परत आलेले, सगळे. दुसऱ्या मजल्यावरचे काका दुरूनच, गाडीकडे न बघताच, "बॅटरी उतरली." एक जण म्हणाले हे सगळं ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे होतंय, जुन्या गाड्यांची वाट लागलीये. अहो, लागली असेल, पण इथे इंजिन फिरतच नाहीये तर पेट्रोलचा संबंध येतो कुठे? सेल्फ कुचकुच करतोय पण गाडी पकडत नाही ही एक तक्रार, त्यात पेट्रोल बघा, पंप बघा, स्पार्क बघा. सेल्फच घेत नाही ही पूर्ण वेगळी तक्रार. ताप आलाय का पाय मोडलाय एवढा फरक आहे त्याच्यात. पण नाही, तिसऱ्यांनी मला चोक ओढायला सांगितला. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत, जिला चोक नसतोच!! मग कुणीतरी टर्मिनलवर लिंबू चोळ म्हणालं, टर्मिनल चकचकीत होते तरी चोळलं. टक्.

शेवटी वरच्या मजल्यावरचा एक मुलगा त्याची गाडी घेऊन आला, जंपर केबल लावल्या. पोरगं हुशार, व्यवस्थित माहिती होतं त्याला, लाल प्लसला, लाल प्लसला, काळी त्याच्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचा काळा चिमटा आपल्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला, म्हणजे ठिणगी बॅटरीपासून लांब उडते, तिथे हायड्रोजन असू शकतो म्हणून. पहिल्या फटक्यात गाडी चालू. काकांनी माझ्याकडे असं बघितलं ना. "काय म्हणालो मी?"

तो चिमटा लक्षात ठेवा. मी नाही ठेवला, तिथेच माती खाल्ली.

संध्याकाळी नवीन बॅटरी. जुनी देऊन 4600. सहा दिवस पाऊस नव्हता आणि गाडी गुणी बाळ. सातव्या दिवशी पाऊस, टक्. बॅटरीच्या दुकानातला मुलगा दुपारी दोनला कडक उन्हात आला, चावी फिरवली आणि झालीच की हो चालू!! आणि मला म्हणतो, "मॅडम, चावी पूर्ण फिरवत नसाल तुम्ही." मी एकोणीस वर्षं गाडी चालवतीये रे. एकोणीस. तू बालवाडीत होतास तेव्हा मी दिवे घाट चढवलाय. वर व्हिजिटचे पाचशे घेऊन गेला.

मग गॅरेज. त्या गॅरेजवाल्याला मी सगळं सांगितलं, कधी होतं, पावसानंतर जास्त होतं, दुपारी होत नाही, लाइट मंद होत नाहीत, जंप दिला की लगेच घेते, कागदावर लिहून नेलं होतं मी. त्याने कागद हातात घेतला नाही. नवऱ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, सेल्फ गेलाय." साहेबांना गाडीचं बोनेट कुठल्या खटक्याने उघडतं हे माहिती नाही, साहेबांनी मान डोलावली. सेल्फ काढला, कार्बन बदलले, बुश बदलले, सोलेनॉइड बदललं, 3200. जुने कार्बन दाखवा म्हणलं तर "ते टाकून दिले ताई." चार दिवस चालली. पाचव्या दिवशी टक्. फोन केला तर म्हणे आता डायनॅमो बघायला लागेल, चार्जिंग करत नसेल. अरे पण बघितलंस का तू एकदा तरी मोजून? चालू गाडीत बॅटरीवर मीटर लाव, चौदाच्या आसपास व्होल्ट दिसले की चार्जिंग होतंय, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मोजायचं नाही. कुणालाच मोजायचं नाही!! अंदाज करायचा, पार्ट बदलायचा, पैसे गिऱ्हाइकाचे, आणि नाही जमलं तर गाडी जुनी झालीये.

मधले दिवस मी काय केलंय ते सांगते. रात्री गाडी तळजाईच्या उताराला नेऊन लावायची. घरापासून दहा मिनिटं चालत. सकाळी छत्री धरून तिथे जायचं, चावी ऑन, क्लच दाबून सेकंड गिअर, हँडब्रेक सोडायचा, जरा वेग आला की क्लच पटकन सोडायचा, गचका देऊन सुरू. पंचेचाळिशीची बाई, साडेपाच वाजता, उतारावरनं ढकलगाडी. एका सकाळी नेमका पुढे पाण्याचा टँकर उभा. ड्रायव्हर गायब. बसले मग त्याच्या टँकरचा नंबर वाचत वीस मिनिटं.

आणि खरी चीड मला स्वतःची आलीये, कारण मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. ओहमचा नियम फळ्यावर लिहून माझी नखं झिजली आणि मी लिंबू चोळत बसले होते!

रविवारी बसले मग. तपकीर गल्लीतनं कधीतरी घेतलेला तीनशे रुपयांचा मल्टीमीटर, पोराला चावीवर बसवला, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर. गाडी बंद असताना बॅटरीवर 12.6 व्होल्ट. उत्तम. आता पोराला म्हणलं मार सेल्फ. टक्. आणि मीटरवर 12.2. मी परत बघितलं. 12.2! बॅटरी मेलेली असती ना तर सेल्फच्या ओझ्याखाली आठ-नऊला आपटली असती. ही तर हललीसुद्धा नाही. म्हणजे बॅटरीकडे करंट आहे, तिच्याकडनं कुणी घेतच नाहीये. वाटेत अडलाय.

मग मीटरची एक तार इंजिनच्या लोखंडाला, दुसरी बॅटरीच्या मायनसला. ह्या दोन जागांमध्ये सेल्फ मारताना काही दिसायलाच नको, शून्य पॉइंट दोन-तीन ठीक आहे. पोराने चावी फिरवली. 7.4.

साडेसात व्होल्ट वाया!! परतीच्या रस्त्यावर!

आमच्या गाडीत बॅटरीचं मायनस बॉडीला आहे आणि बॉडीपासून गिअरबॉक्सला एक विणलेली तांब्याची पट्टी येते, तीच इंजिनची अर्थ, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायचा रस्ता. लाइट, हॉर्न, टेप सगळ्यांची अर्थ बॉडीवर, म्हणून ते सगळे मजेत. सेल्फ बसलाय इंजिनवर, त्याचा सगळा करंट त्या एका पट्टीतनं परत येणार, आणि सेल्फला लागतात शंभराच्या पुढे अँपिअर. पट्टीच्या जोडावर गंज चढून रोध 0.05 ओहम जरी झाला तरी शंभर गुणिले शून्य पॉइंट शून्य पाच, पाच व्होल्ट तिथेच खलास. ओहमचा विसावा भाग हो! त्या गॅरेजवाल्याच्या टेस्ट बल्बला हे जन्मात दिसणार नाही, कारण बल्ब अर्धा अँपिअर पण घेत नाही, तेवढा करंट गंजलेल्या जोडातनं पण आरामात जातो. पावसाने ओल आली की जोड अजून बिघडणार, ऊन पडून इंजिन तापलं, जरा हललं की टेकणार. आणि सेल्फ काढला-बसवला तेव्हा त्यांचा हात पट्टीला लागला असणार, म्हणून ते चार दिवस!

आणि तो चिमटा! काळा चिमटा इंजिनला लावला होता ना त्या पोराने, म्हणजे खराब पट्टीला बगल देऊन करंटला नवीन रस्ता मिळाला, म्हणून गाडी पहिल्या फटक्यात चालू, म्हणून सगळे म्हणाले बॅटरी. त्याने बरोबर केलं म्हणून निदान चुकलं. मला हसावं का रडावं कळेना. खात्री करायला जंपर केबल आणली, नुसती काळी, एक टोक आपल्याच बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या हुकला, दुसरी गाडी नाही काही नाही. पोराने चावी फिरवली आणि असला कडक सेल्फ मारला की पोरगं दचकलं.

पट्टी बॉडीच्या टोकाला हिरवीगार झाली होती, हात लावला तर निम्म्या तारा भुरभुरून खाली. सोमवारी नाना पेठेत गेले, जुना तुकडा दाखवला, 140 रुपये. बॉडीवरचा रंग-गंज पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडं केलं, बोल्ट आवळला, वरनं ग्रीस. अर्धा तास, त्यातली दहा मिनिटं गटाराच्या जाळीत पडलेला वॉशर काढण्यात. परत मोजलं, 0.1.

गॅरेजवाल्याला फोन केला. म्हणलं तुम्ही एकदा अर्थ बघायला हवी होती. तर म्हणतो, "तेच ना ताई, मी साहेबांना म्हणालो होतो अर्थिंगचा काहीतरी लफडा असणार." साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "म्हणाला असेल बाबा, मला आठवत नाही."

आज सकाळी धो धो पाऊस, अर्ध्या चावीत गाडी चालू. दुसऱ्या मजल्यावरचे काका दुधाची पिशवी घेऊन येत होते. थांबले. सेल्फ ऐकला. आणि म्हणाले, "बघ, मी पहिल्या दिवशीच सांगत होतो, नवीन बॅटरी टाक म्हणून."

मी काच वर केली आणि निघून आले.