शाम्पू राहू द्या, लिप बाम बघा

परवा रात्री एका आईचा मेसेज आला. 'ताई, शाम्पूच्या बाटलीवर व्हीट प्रोटीन लिहिलंय. महिनाभर लेकाला लावतेय. आता काय होईल?' मुलाला नुकतंच सिलिअ‍ॅकचं निदान झालंय. म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रोटीनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार. माझ्या मुलीच्या निदानाला चार वर्षं झाली, पण त्या दिवसांची धास्ती मी विसरलेले नाही. म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

काही होणार नाही. ग्लुटेनचा रेणू एवढा मोठा असतो की धडधाकट त्वचेतून तो आत शिरत नाही. सिलिअ‍ॅकमध्ये नुकसान होतं ते लहान आतड्याच्या अस्तराचं, आणि त्यासाठी ग्लुटेन पोटात जावं लागतं. डोक्याला लावून धुऊन टाकलेला शाम्पू पोटात जात नाही.

पोटात जातं ते ओठांवरचं. लिपस्टिक, लिप बाम, टूथपेस्ट, माउथवॉश. आणि हातांचं क्रीम, विशेषतः अंगठा चोखणाऱ्या मुलांच्या बाबतीत. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी स्वयंपाकघरातला डबा न् डबा बदलला, आणि लेक रोज जो लिप बाम चाटत होती, त्याच्या मागचा बारीक मजकूर वर्षभर वाचलाच नाही. वाचला तेव्हाही कळला नाही, कारण तिथे 'गहू' असं लिहिलेलं नसतं. ट्रिटिकम व्हल्गारे म्हणजे गहू. हॉर्डियम व्हल्गारे म्हणजे बार्ली, सेकाले सिरिअले म्हणजे राय नावाचं धान्य. अ‍ॅव्हेना सटायव्हा म्हणजे ओट्स. त्यात मुळात ग्लुटेन नसलं तरी गव्हाची भेसळ सहज होते, आणि कोरड्या त्वचेच्या लोशनमध्ये ते बऱ्याचदा असतात. टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्व, कधी गव्हाच्या अंकुराच्या तेलातून काढलेलं असतं, कधी सोयाबीनमधून. नावावरून ते ओळखता येत नाही.

प्रमाणाचंही सांगते, नाहीतर उगाच घबराट होईल. दिवसाला ५० मिलिग्रॅम ग्लुटेन सतत पोटात गेलं तर आतड्याला इजा होते, असं अभ्यासात दिसलंय; १० मिलिग्रॅमच्या खाली बहुतेकांना त्रास होत नाही असं मानतात. लिपस्टिक दिवसभरात लागते तीच मिलिग्रॅममध्ये मोजावी इतकी, त्यात गव्हाचा अंश आणखी थोडा. एकदा लावल्याने कुणी आजारी पडणार नाही. पण ताटातला कणन् कण मोजणाऱ्या माणसाच्या दिवसात ही भर नकळत का पडावी?

दोन गोष्टींची गल्लत मात्र करू नका. गव्हाची अ‍ॅलर्जी हा निराळा आजार आहे आणि तिथे त्वचेचा मार्ग खुला असू शकतो. जपानमध्ये चेहऱ्याच्या एका साबणात हायड्रोलाइझ्ड व्हीट प्रोटीन, म्हणजे बारीक तुकडे केलेलं गव्हाचं प्रोटीन, होतं. तो वापरून २००० हून अधिक लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी जडली आणि २०११ मध्ये साबण बाजारातून परत घ्यावा लागला. दुसरं, कोपरांवर, गुडघ्यांवर खाजरे फोड येतात तो डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस सिलिअ‍ॅकचंच त्वचेवरचं रूप आहे. लोक क्रीम बदलत बसतात, पण कारण खाण्यात असतं. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

माझा राग आहे तो नियमांवर. खाण्याच्या पदार्थावर 'ग्लुटेन फ्री' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा अनेक देशांनी घातली आहे. ती सौंदर्यप्रसाधनांना लागू होत नाही. एका कंपनीला मी तीनदा लिहिलं, तेव्हा उत्तर आलं, 'आम्ही ग्लुटेन मुद्दाम घालत नाही.' मी विचारलं होतं, आत आहे की नाही. ओठांवर आणि दातांवर लावायची वस्तू खाण्याची वस्तूच धरा आणि गहू असेल तर 'गहू' असं सरळ छापा, एवढीच माझी मागणी आहे.

त्या आईने काल टूथपेस्टचा फोटो पाठवला. दोघींनी मिळून यादी वाचली, त्यात काही निघालं नाही. शाम्पू तिने तसाच ठेवलाय.