उभ्या माणसाचे कपडे

बेळगावची थंडी हा बेळगावकरांच्या अभिमानाचा विषय आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर वसलेल्या आमच्या गावात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरला, की मुंबईच्या पाहुण्यांना आम्ही तो आकडा अशा थाटात सांगतो, जणू रात्रभर जागून आम्हीच तो खाली आणला आहे. काश्मिरी माणसाला या आकड्याचे हसू येईल, हे मला मान्य आहे. परंतु काश्मिरी माणूस पहाटे साडेपाचला हिंदवाडीतून पळायला निघत नाही, आणि निघालाच, तरी त्याला अडवायला दारात माझी आई उभी नसते.

थंडीत पळण्याचा खरा त्रास उंबरठ्याच्या आत होतो. पळताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणून जाणकार धावपटू असा ढोबळ नियम सांगतात, की बाहेर बारा अंश तापमान असेल, तर बावीस अंशांना शोभतील असे कपडे घालावेत. याचा सरळ अर्थ असा, की दाराबाहेर पडताना माणूस कुडकुडलाच पाहिजे. त्या क्षणी ऊब वाटली, तर अंगावर एक कपडा जास्त आहे असे समजावे. नियम शास्त्रशुद्ध आहे, पण मराठी घरात मोठ्याने वाचून दाखवण्याजोगा नाही. घरातली माणसे आपल्याला उभे असलेले पाहतात आणि त्या हिशेबानेच उभ्या माणसाचे कपडे घालायला लावतात. पुढच्या दहा मिनिटांत आपल्या पोटऱ्यांत काय पेटणार आहे, हे त्यांना कसे दिसावे?

“अरे, कान झाक आधी. वारं कानातनंच आत शिरतंय,” असे म्हणत आई तपकिरी कानटोपी पुढे करते. पत्नीचा आक्षेप निराळा असतो. “अहो, अर्ध्या चड्डीत गल्लीतून जाणार? आणि तेही या थंडीत?” या वाक्यात थंडी नुसती तोंडी लावायला घेतलेली असून मूळ हरकत गल्लीची आहे, हे मी ओळखतो. महात्मा गांधींनी १९२१ मध्ये पंचा स्वीकारला आणि त्यानंतर १९२४ च्या डिसेंबरात, म्हणजे ऐन थंडीत, ते याच बेळगावात काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, असा भक्कम ऐतिहासिक दाखला मी देऊन पाहिला. “त्यांच्यासारखं शेळीचं दूध पी आधी, मग पंचा नेस,” असे सांगून आईने इतिहासाचे ते दालन कायमचे बंद केले.

“ऊन आल्यावर जा की,” हा त्यानंतरचा तोडगा. कचेरीची वेळ उन्हाला विचारून ठरत नसल्यामुळे तो मला परवडत नाही, पण त्यात तथ्य नाही असे मात्र म्हणता येणार नाही. निरभ्र रात्री जमीन दिवसाची उष्णता आकाशात सोडत राहते आणि सर्वांत थंड वेळ नेमकी सूर्योदयाच्या आसपास येते. जानेवारीत आमच्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे साडेपाचला निघालेला माणूस कितीही वेगाने पळाला, तरी पळून पळून अधिक थंडीतच पोहोचतो.

कपड्यांच्या बाबतीत सुती बनियन हा आमच्या पिढीचा कुलाचार आहे. सूत घाम पिते आणि सोडत नाही. ओले सूत अंगाला चिकटले, की ज्या कपड्याने थंडी अडवायची तोच ती आत आणतो. त्याऐवजी घाम बाहेर ढकलणारा पातळ पॉलिएस्टरचा कपडा आत आणि वारा अडवणारे हलके जाकीट वर, एवढ्यावर आमच्या हवामानात भागते. हे मी खडेबाजारातल्या एका दुकानात समजावून सांगितले, तेव्हा दुकानदाराने शांतपणे सारे ऐकून घेतले आणि आतून मऊ लव असलेला जाडजूड कोट काढून समोर ठेवला. “थंडीला पातळ मागतासा? हे घ्या की ओ, गोठ्यात निजलासा तरी थंडी लागायची नाही,” असे त्याने छातीठोकपणे सांगितले. गोठ्यात निजण्याचा विचार असता, तर मी तो कोट नक्की घेतला असता.

एवढे सोपस्कार आटोपून, गारठलेल्या बोटांनी विजारीची नाडी आणि बुटांचे बंद एकदाचे बांधून मी बाहेर पडतो, तेव्हा कानटोपी, मफलर, आतले बनियन, त्यावरचा स्वेटर आणि सर्वांवरचे जाकीट अशी घरगुती तडजोड माझ्या अंगावर असते. कोपऱ्यावरच्या शेकोटीभोवती बसलेली मंडळी हात शेकत विचारतात, “कोण पाठीस लागलंय काय ओ?” त्यांच्याजवळ उबेला वेटोळे करून पडलेली कुत्री मात्र काहीच विचारत नाहीत. अंधारात डोळ्यांपुरती उघडी टोपी घालून पळणारा इसम कोण असतो, याविषयी त्यांचे मत ठाम आहे, आणि माझ्या पहिल्या किलोमीटरच्या वेगाचे श्रेय पूर्णपणे त्यांचे आहे.

काँग्रेस रोडला लागेपर्यंत अंगातली भट्टी पेटते. आधी मफलर सुटतो, मग जाकिटाची साखळी खाली येते, मग स्वेटर निघतो आणि त्याच्या बाह्या कमरेभोवती बांधल्या जातात. कानटोपीचे तोंड श्वासाने भिजून ओठांना लोकर लागू लागते. नाकाची कथा आणखी वेगळी आहे. थंड, कोरडी हवा फुप्फुसांत जाण्याआधी नाक तिला गरम व ओलसर करते आणि या सेवाभावात पाणी जरा सढळ हातानेच सोडते. हातमोजे बोटांच्या उबेसाठी असतात असे म्हणतात. त्यांच्या पाठीचा खरा उपयोग काय, ते प्रत्येक धावपटूला ठाऊक असते आणि सभ्य धावपटू हस्तांदोलनापूर्वी ते काढतो.

त्यातच कॅम्पात शिरावे, तर समोरून मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांची तुकडी येते. बनियन, अर्धी चड्डी आणि एका तालात पडणारी पावले. त्यांच्या मागे खानापूर-चंदगडकडची भरतीची तयारी करणारी पोरे पळत असतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत गाठले तरच पूर्ण गुण मिळतात, त्यामुळे त्यांच्या अंगावर कापडाचा एक धागाही फालतू नसतो. कमरेला स्वेटर, गळ्यात मफलर आणि हातात कानटोपी घेतलेला मी अशा वेळी रस्त्याच्या कडेला होऊन बुटाचा बंद बांधायला बसतो. बंद सुटलेला नसतो.

आईच्या बाजूने एवढे मात्र म्हटले पाहिजे, की कानांविषयी ती बरोबर होती. कानांवर चरबीचे पांघरूण जवळजवळ नसते आणि पळणाऱ्याला आपल्या वेगाएवढा वारा समोरून फुकट मिळतो. त्यामुळे बाकी सारे अंग घामाघूम झाले तरी कान ठणकत राहतात. कानांवरून एक पट्टी घेतली, की काम होते. वारा कानातून आत शिरतो, हा तिचा सिद्धान्त मी अजून स्वीकारलेला नाही, पण पट्टी घेतली आहे.

राहिला प्रश्न उतरवलेल्या कपड्यांचा. पळणे थांबले, की भट्टी विझते, घाम गार पडतो आणि नकोसा झालेला स्वेटर पाच मिनिटांत हवासा वाटू लागतो, म्हणून तो घरी ठेवून चालत नाही आणि कमरेला बांधूनही चालत नाही. कॅम्पातल्या एका चहावाल्याने यावर उपाय काढला आहे. जाताना स्वेटर त्याच्या खिळ्याला अडकवावा, परतताना घ्यावा आणि मोबदला म्हणून एक कप चहा प्यावा, असा आमचा अलिखित करार आहे. परवा मी धापा टाकत परतलो, तेव्हा खिळा रिकामा होता. स्वेटर चहावाल्याच्या अंगात होता आणि त्याला तो माझ्यापेक्षा अधिक बरा बसला होता. माझ्या ओल्या सदऱ्याकडे पाहून त्याने कळवळून चहाचा ग्लास पुढे केला आणि म्हणाला, “थंडी भाळ ऐत्रि, सर. स्वेटर हाकोंड बर्रि.” थंडी फार आहे, स्वेटर घालून येत जा.