कोंडलेल्यांना मैदान नाही, आपल्याला आहे

गोव्यातल्या मराठी व्हॉट्सॲप गटांत सध्या एक निरोप फिरतोय. थोडक्यात असा: ‘भारताने निर्वासितांच्या करारावर सहीच केलेली नाही, त्यामुळे त्यांना इथे हक्क नाहीत. डिटेन्शन सेंटरमध्ये आहेत ते गुन्हेगार. त्यांच्यासाठी निदर्शनं करणं म्हणजे देशद्रोह, आणि त्याने होणार काहीच नाही. गोव्याचा तर या भानगडीशी संबंधच नाही.’ पणजीच्या आझाद मैदानावर अशी निदर्शनं व्हावीत म्हणून धडपडणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून उत्तर देते.

सहीचं खरं आहे. १९५१ च्या करारात भारत नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. पण समानतेचा आणि जीविताचा हक्क देणारे संविधानाचे अनुच्छेद १४ आणि २१ परकीयांनाही लागू आहेत. अरुणाचल प्रदेशात राहणाऱ्या चकमा निर्वासितांना हुसकावून लावण्याच्या धमक्या येत होत्या, तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला बजावलं, की माणूस नागरिक असो वा नसो, त्याच्या जिवाचं रक्षण करणं तुमचं काम आहे. दुसरी बाजूही सांगते. २०२१ मध्ये जम्मूत कोंडलेल्या, म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्यांना सोडायला याच न्यायालयाने नकार दिला. मात्र ठरलेली प्रक्रिया पाळल्याशिवाय त्यांना परत पाठवू नका, असंही त्याच आदेशात म्हटलं. आमचं मागणं त्या प्रक्रियेचंच आहे.

‘गुन्हेगार’ हा आरोप मला सगळ्यात जास्त लागतो. शिक्षा न्यायालय देतं आणि ती कधी संपणार हे कैद्याला माहीत असतं. स्थानबद्धता, म्हणजे डिटेन्शन, प्रशासनाच्या आदेशाने होते. कुणाचा व्हिसा संपलेला असतो, कुणी शिक्षा भोगूनही मायदेशी पाठवणीची वाट बघत आत असतो, कुणी आश्रय मागायला आलेला असतो. परत पाठवायचं तर त्या देशाच्या दूतावासाने ‘हा आमचा माणूस’ असं कळवून प्रवासाची कागदपत्रं द्यावी लागतात. आता विचार करा, ज्या सरकारच्या भीतीने माणूस पळाला, त्याच सरकारच्या दूतावासाकडे त्याचं नाव जाणार! उत्तर आलं तर जिवाला धोका, नाही आलं तर कोंडवास लांबला. आसामात परकीय ठरवून कोंडलेल्यांना तीन वर्षांनंतर अटींवर सोडा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं, आणि २०२० मध्ये कोविडच्या काळात ती मुदत दोन वर्षांवर आणली. म्हापशातही २०१९ पासून स्थानबद्धता केंद्र आहे. तिथे कोंडलेल्याला त्याची मुदत कोण सांगणार? कोठडीतल्या कुठल्याही व्यक्तीला मोफत वकील देण्याची तरतूद १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. तो वकील आत पोचतो का, हे विचारायलाच हवं.

देशद्रोहाबद्दल एवढंच: शांततेने, शस्त्राविना एकत्र जमण्याचा हक्क अनुच्छेद १९ ने फक्त नागरिकांना दिलाय. कोंडलेल्या परकीयाला तो नाही. त्याच्या वतीने आपण बोललो नाही, तर कोणीच बोलणार नाही.

आणि निदर्शनांनी काही होत नाही? १३ मे २०२१ रोजी, ईदच्या दिवशी, ग्लासगोच्या केनम्युअर स्ट्रीटवर इमिग्रेशनवाल्यांनी दोघांना धरून गाडीत बसवलं. शेजारीपाजारी गाडीभोवती जमले, एक जण तर गाडीखालीच शिरला. सुमारे आठ तासांनी पोलिसांनी दोघांना सोडून दिलं. ते दोघे भारतीय होते. त्या दिवशी त्यांच्यासाठी रस्त्यात बसलेल्या स्कॉटिश बायाबापड्यांना आपण देशद्रोही म्हणणार का?

राहिला गोव्याचा संबंध. १५६० मध्ये कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा, देव मंगेश पोर्तुगिजांच्या भीतीने जुवारी नदीपलीकडे प्रियोळला नेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. आपली दैवतंसुद्धा दुसऱ्याच्या राज्यात आसरा घेऊन वाचली आहेत. आणि माणसंही: १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून हाकललेल्यांत कंपाला आणि एंटेबीचे गोंयकारही होते.

निदर्शनांना येणार असाल तर एक कळकळीची विनंती. फलकावर ‘वकील द्या, सुनावणी घ्या, मुदत सांगा’ एवढंच लिहा, मराठीत किंवा कोंकणीत. आत असलेल्या कुणाचं नाव, फोटो, गाव लिहू नका आणि फेसबुकवरही टाकू नका. त्यांचे आईवडील, मुलं अजून त्याच देशात आहेत, आणि तिथले लोकही फेसबुक बघतात.