वातानुकूलित खोली आणि देशाची सुरक्षा: एका प्रतिक्रियेला उत्तर

राष्ट्रीय सुरक्षेच्या धोरणसंशोधनावरील माझ्या मागील लेखावर एका वाचकांनी सविस्तर प्रतिक्रिया दिली आहे. शस्त्रसज्जतेइतकेच महत्त्व राखीव साठ्यांना, सुट्या भागांना आणि कोलमडलेली यंत्रणा पुन्हा उभी करण्याच्या सरावाला द्यावे, असे मी त्या लेखात म्हटले होते. त्यांचे आक्षेप तीन आहेत. एस्टोनियावरील सायबर हल्ल्याचे वर्ष चुकले आहे, अशा तयारीवर किती खर्च करावा, याची मर्यादा मी सांगितलेली नाही, आणि “वातानुकूलित खोलीत बसून अहवाल चाळणाऱ्यांनी देशाला सुरक्षेचे धडे देऊ नयेत.”

वर्षाची चूक मान्य आहे. तो हल्ला एप्रिल २००७ मध्ये सुरू झाला, माझ्या लेखात २००८ छापले गेले होते. दुरुस्ती केली आहे आणि त्याबद्दल आपले आभार मानतो. मात्र एक आकडा चुकला म्हणून ‘अभ्यासाचा आव’ हे शब्द वापरण्याची गरज नव्हती.

आता त्या खोलीविषयी. मी चौदा वर्षे एका वीज भारप्रेषण केंद्रात, म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ जिथून घातला जातो त्या नियंत्रण कक्षात, फिरत्या पाळीत काम केले आहे. खोली वातानुकूलित होती हे खरे, पण ती सोय संगणकांसाठी होती, आमच्यासाठी नव्हे. एका रात्री पडद्यावरचे सगळे आकडे एकाच क्षणी गोठले. उपकेंद्रांत काय चालले आहे हे कळण्याचा एकच मार्ग उरला, तो म्हणजे दूरध्वनी. पहाटेपर्यंत आम्ही दर पंधरा मिनिटांनी एकेका उपकेंद्राला फोन करून वाहिन्यांवरचा भार पेन्सिलीने वहीत उतरवत होतो. एका ठिकाणी ब्रेकरची, म्हणजे वीजप्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचची, स्प्रिंग दांडा फिरवून हाताने चार्ज करावी लागली, आणि ते काम येणारा त्या पाळीत एकच माणूस होता. तो रजेवर असता तर काय झाले असते, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे. आपण ज्याला अहवाल चाळणे म्हणता, त्याची सुरुवात त्या वहीतून झाली.

हा केवळ माझा अनुभव नाही. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील तीन वीज वितरण कंपन्यांवर सायबर हल्ला झाला, तेव्हा नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्यांनी पडद्यावरचा बाण आपोआप सरकताना आणि एकामागून एक ब्रेकर उघडून वीजप्रवाह तुटताना पाहिले. सुमारे २,२५,००० ग्राहक अंधारात गेले. पुरवठा काही तासांत परतला, कारण माणसे प्रत्यक्ष उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी ब्रेकर हाताने पुन्हा जोडले. ज्या व्यवस्थेत हाताने काम करण्याची सोयच काटकसर म्हणून काढून टाकली असेल, तिथे हे कसे घडले असते? हा प्रश्न धोरणसंशोधकाचा आहे, सीमेवरच्या जवानाचा नाही, आणि असे म्हणण्यात जवानाचा अवमान होतो असे केवळ आपल्यालाच वाटले असावे.

खोलीत बसणाऱ्यांचा इतका तिटकारा असेल, तर अल्बर्ट वोल्स्टेटर यांचे काय करावे? मूळचे गणिती तर्कशास्त्राचे अभ्यासक असलेल्या या गृहस्थांनी रँड या अमेरिकी धोरणसंशोधन संस्थेत सहकाऱ्यांसह अमेरिकी बॉम्बफेकी विमानांच्या परदेशी तळांचा हिशेब मांडला. शत्रूच्या पहिल्याच आकस्मिक हल्ल्यात ते तळ निकामी होतील, हा त्यांचा १९५४ च्या अहवालातील इशारा हवाई दलाने गांभीर्याने घेतला. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्यांना आधी गणवेश दाखवा असे म्हटले नाही.

राहिला खर्चाचा मुद्दा. नाटोने २०२५ मध्ये हेग येथे संरक्षणासाठी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) ५ टक्क्यांचे जे उद्दिष्ट २०३५ साठी ठरवले, त्यातला दीड टक्क्यापर्यंतचा भाग महत्त्वाच्या पायाभूत सुविधा, नागरी सज्जता अशा बाबींसाठी आहे. फिनलंड आपल्या राखीव साठ्यांसाठी ऊर्जेवर शुल्क आकारतो. कोणत्या देशाने किती खर्च करावा हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, तो इथे उकरून काढण्यात अर्थ नाही. आपली पुढील प्रतिक्रिया मी अवश्य प्रसिद्ध करीन, फक्त ती माझ्या बैठकीच्या जागेऐवजी मजकुराविषयी असावी.