बहिणाबाईंची बोली वर्गात कधी बसणार?

२४ ऑगस्ट, बहिणाबाईंची जयंती आली की आमच्या खान्देशी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद पेटतो : त्यांची भाषा अहिराणी की लेवा गणबोली, म्हणजे जळगावकडच्या लेवा पाटीदारांची बोली? मी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत राहतो, पण मूळचा पारोळ्याकडचा, अहिराणीच्या घरातला. तरी सांगतो, आसोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या त्या माउलीची बोली लेवा गणबोलीच. ती आपल्याकडे ओढून अहिराणी मोठी होणार नाही. दुसरा वाद स्मारकांचा. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचं नाव मिळालं, ते योग्यच झालं.

पण या साऱ्यात शाळेतलं पोर कुठंच नसतं.

बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात काम करता करता त्या ओव्या रचत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्या वहीत उतरवल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि अत्र्यांच्या आग्रहामुळे १९५२ मध्ये पुस्तक निघालं. सोपानदेव स्वतः प्रमाण मराठीत लिहिणारे कवी. मनात आणलं असतं तर आईचं बोलणं त्यांनी 'शुद्ध' करून टाकलं असतं. त्यांनी ते केलं नाही. मराठीवर त्यांचे हे उपकार फार मोठे आहेत.

आमच्या शाळेत उलटं होतं. 'मना बाप वावरमा जायेल शे' (माझा बाप शेतात गेलाय) असं अहिराणीत म्हटलं की वर्ग हसायचा आणि मास्तर छडी उचलायचे. हुशार पोरं गप्प बसायला शिकली.

इथून तासाभरावर अ‍ॅलोवे गावात कवी रॉबर्ट बर्न्सचं घर आहे. १७५९ साली जन्मलेला हा शेतकऱ्याचा पोर स्कॉट्स या इथल्या बोलीत लिहायचा. गवतानं शाकारलेलं बुटकं घर, माणसं आणि गुरं एकाच छपराखाली. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ते घर परकं वाटणार नाही. जानेवारीत त्याची जयंती आली की इथल्या शाळांतून पोरं त्याच्या कविता पाठ म्हणतात. माझी मुलगी इंग्रजी वळणानं 'हाऊस' म्हणाली, तर बाईंनी थांबवलं : 'हूस' म्हण. चूक काढली ती बोलीच्या बाजूनं! मला भरून आलं.

इथं सगळं आलबेल आहे असं नाही. याच शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या स्कॉट्स बोलणाऱ्या पोरांना दटावलं, आणि जानेवारी सरला की वर्गात पुन्हा इंग्रजीच. पण निदान २०२५ मध्ये इथल्या पार्लमेंटनं स्कॉट्सला आणि गेलिक या इथल्या दुसऱ्या जुन्या भाषेला अधिकृत दर्जा देणारा कायदा केला.

त्याच वर्षी महाराष्ट्र पहिलीपासूनच्या हिंदीसक्तीवरून तापला होता. १६ एप्रिलचा निर्णय जूनअखेर मागे घ्यावा लागला आणि मलाही समाधान वाटलं. मराठीसाठी आपण एवढे उभे राहिलो, मग सातपुड्यातल्या भिली-पावरी बोलणाऱ्या पोराचं काय? पहिलीच्या वर्गात त्याला मराठीच परकी असते. प्रमाण मराठी त्याला यायलाच हवी, पण तिथवर ते पोर स्वतःच्या बोलीचं बोट धरूनच पोचेल. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्यात नेमणूक झालेल्या प्रत्येक गुरुजीला रुजू होण्याआधी तिथली बोली शिकवा. हे काम बहिणाबाईंच्या नावाच्या विद्यापीठानं अंगावर घ्यावं, आणि पुढच्या २४ ऑगस्टला ग्रुपवर आपण विद्यापीठाला त्याचाच हिशेब विचारू.