मुंगूस, उंदीर आणि ‘खरे’ पोकेमॉन: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: निन्टेन्डोच्या गेममधले पहिले 151 प्राणी तेच खरे पोकेमॉन, पुढे कल्पना आटल्या म्हणून चाव्यांचा जुडगा, आइस्क्रीम आणि कचऱ्याची पिशवी असले पोकेमॉन आले, गेम पोरकट सोपे झाले, ‘स्कार्लेट’ हा गेम तर धड चालतही नाही. आणि मुलगी नवा गेम मागतेय, पण तिला तुम्ही जुनाच देणार आहात. या शेवटच्या वाक्यामुळे सविस्तर लिहायला बसलो.

आधी जे पटलं ते. ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ नोव्हेंबर 2022 मध्ये आले ते कच्चेच. फ्रेम रेट कोसळून चित्र अडखळायचं, माणसं जमिनीत रुतायची. पुढच्याच महिन्यात निन्टेन्डोने त्याबद्दल माफीही मागितली. यावर माझा वाद नाही.

पण कल्पना आटल्या? 1996 चा व्होल्टॉर्ब म्हणजे डोळे लावलेला पोकेबॉल, म्हणजे पोकेमॉन पकडायचा चेंडू. मक म्हणजे गाळाचा ढीग. एक्झेगक्यूट म्हणजे सहा अंडी, आणि तीन डिगलेट एकत्र आले की झाला डगट्रिओ. हे सगळे आपल्याला दहाव्या वर्षी भेटले, म्हणून आपले वाटतात. क्लेफकी, म्हणजे तो चाव्यांचा जुडगा, मोठेपणी भेटला, एवढाच त्याचा गुन्हा.

पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोजवळच्या माचिदात किडे गोळा करायचे. शहर वाढत गेलं, डबकी आणि शेतं बुजली. ते किडे शोधण्याचं सुख पुढच्या मुलांना मिळावं, यातून हा खेळ सुचला. दगड उलटून खाली काय आहे ते बघणाऱ्या त्या मुलाची नजर मला जुन्यांपेक्षा नव्या गेम्समध्ये जास्त दिसते. का, ते सांगतो.

हवाई बेटांवर 1883 मध्ये ऊसमळ्यांतले उंदीर मारायला मुंगूस आणले. ते आले जमैकाहून, आणि जमैकात 1872 मध्ये नेले होते ते आपल्या कलकत्त्याहून. पण उंदीर बहुतेक रात्री हिंडतात आणि मुंगूस दिवसा. उंदीर राहिले ते राहिलेच, वर जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या अंड्यांवर संक्रांत आली. आता ‘सन’ आणि ‘मून’ बघा, 2016 चे. तिथला अलोला प्रदेश हवाईवरूनच घेतलाय. उंदरासारखे रट्टाटा माजले म्हणून तिथे बाहेरून मुंगसासारखे युंगूस आणले, आणि त्यांना चुकवता चुकवता रट्टाटा निशाचर झाला, काळा पडला, डार्क टाइपचा, म्हणजे ‘अंधार’ गटातला झाला. पहिल्याच रस्त्यावर दिवसा गेलात तर युंगूस भेटतो, रात्री गेलात तर रट्टाटा. भाषण कुणी देत नाही. तुम्ही दोन्ही वेळी गवतात शिरलात तर तुमचं तुम्हालाच उमगतं. जुन्या गेममध्ये रट्टाटा म्हणजे पहिल्या रस्त्यावरचा एक उंदीर, बस. इथे त्याला शत्रू आहे, इतिहास आहे. आणि इंग्रजीतला ‘मंगूस’ हा शब्द मूळचा आपला मुंगूस, त्यामुळे युंगूसच्या नावात अर्धी मराठी आहे. हे कळलं त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येकाला सांगत सुटलो होतो.

तसाच कॉर्सोला. 1999 मध्ये तो गुलाबी, हसरं प्रवाळ होता. 2019 च्या ‘स्वॉर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये, गॅलार प्रदेशात, तोच पांढराफटक आणि घोस्ट टाइपचा, म्हणजे भूत होऊन भेटतो. हवामान अचानक बदललं आणि ही प्राचीन जात मेली, असं पोकेडेक्स, म्हणजे गेममधला पोकेमॉनचा कोश सांगतो. समुद्र तापला की प्रवाळ पांढरं पडतं, हे मला आधी वाचून माहीत होतं. पण तो पांढरा कॉर्सोला वाटेत दिसला तेव्हा मी कन्सोल खाली ठेवला होता.

सोपेपणाबद्दल: हो, अनुभवाचे गुण आता सगळ्या टीमला वाटले जातात, आणि गाभ्याची कथा लहान मुलंही पार करतात. पण जुन्यात कठीण काय होतं ते आठवा. तासन् तास त्याच गवतात फेऱ्या, आणि वाटेतलं झाड कापणाऱ्या ‘कट’सारख्या मूव्हसाठी टीममधली एक जागा अडकलेली. फोकस एनर्जी ही मूव्ह वापरली की क्रिटिकल हिटची, म्हणजे जबर फटक्याची शक्यता वाढण्याऐवजी घटायची, ती तर प्रोग्रॅममधली चूक होती. उलट ‘लेजंड्स: आर्सेउस’ या अलीकडच्या गेममध्ये पोकेमॉन थेट तुमच्या अंगावर येतात. गवतात दबकून बसावं लागतं, नेम धरून बॉल टाकावा लागतो. शेवटाकडची मोठी लढत कुणाशी ते सांगत नाही, पण सहा पोकेमॉन पाडल्यावर दम घ्यायला न देता आणखी एक उभा राहतो, आणि तो पडला की पुन्हा उठतो. मी तीनदा हरलो.

आणि ‘स्कार्लेट’मधला आर्वेन! आजारी मॅबॉस्टिफ या आपल्या कुत्र्यासाठी हा मुलगा पाच औषधी वनस्पती शोधत हिंडतो, सँडविच करून त्याला भरवतो, आणि दर वेळी त्या कुत्र्यात थोडी धुगधुगी येते. ‘स्कार्लेट’ कितीही अडखळत चालला तरी ही गोष्ट मी कुणाला चुकवू देणार नाही.

तर मुलीला तिला हवा तोच गेम द्या. जुना नंतर खेळेलच, आणि तेव्हा तुम्हाला शेजारी बसवून घेईल. ‘स्कार्लेट’मधल्या पाल्देआ प्रदेशाच्या किनाऱ्यावर वाळूतून लांब मानेचं एक पांढरं डोकं वर येतं, विगलेट त्याचं नाव. तुम्ही पटकन म्हणाल, हा तर डिगलेट. तो डिगलेटचा कुणीच लागत नाही. वेगळी जात आहे, दिसण्यापुरतं साम्य. तेवढं फक्त तिला आधी सांगू नका. वाळूत जवळ गेलं की तो लगेच आत दडतो, म्हणून हळू जायला सांगा.